डबा, खुराक आणि वालाचं बिरडं

कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याने पुढे गेलं की राजमाचीच्या पोटाशी कोंडाण्याची लेणी लागतात. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात वरून पाण्याचा पडदा पडतो आणि त्यामागे चैत्याची कमान दिसते. दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, त्यातल्या एका पुरुषाच्या हातात धनुष्य आहे. एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरात लिहिलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं. हे पुरुष बघा एकदा. रुंद खांदे, बारीक कंबर, मांड्या भरलेल्या. आजच्या जिमच्या बाहेरच्या पोस्टरवर असतात तसे फुगलेले दंड मात्र नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिराला 'कमावलेलं शरीर' म्हणजे काय वाटत होतं, ते दगडात आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून रस्त्यावर पळतो, संध्याकाळी कर्जतला जिमला जातो. परवा म्हणाला, "मामा, जिमवाले सर म्हणतात नुसत्या व्यायामाने काही होणार नाही, प्रोटीनचा डबा लागेल. अडीच-तीन हजाराला मिळतो. घेऊ का?" डबा साधारण एका किलोचा, आणि सरांच्या हिशेबाने महिन्याला एक. त्याच्या घरी भाताची थोडी शेती, आणि वडिलांची खोपोलीच्या बाजूला कंत्राटी नोकरी. महिन्याला तीन हजार ही त्या घरात छोटी रक्कम नाही. 'घेऊ नको' म्हणणं सोपं होतं, पण का नको हे मला नीट सांगता येईना. म्हणून थोडं वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना आहे आणि त्यात आपल्या मराठी माणसांचाही बराच हात आहे.

सुरुवात युरोपात. 1838 मध्ये मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने 'प्रोटीन' हा शब्द छापला. तो त्याला सुचवला स्वीडनच्या बर्झेलियसने, ग्रीक भाषेतल्या 'अग्रक्रमाचं' अशा अर्थाच्या शब्दावरून. (आपला 'प्रथिन' हा शब्दही कानाला त्याच्याच जवळचा लागतो.) म्हणजे नाव ठेवतानाच त्याला पाटावर पहिल्या पंगतीत बसवलं! मग जर्मनीचा लीबिग आला. त्या काळातला रसायनशास्त्राचा सगळ्यात मोठा माणूस. 1842 च्या पुस्तकात त्याने मांडलं की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःच जळतात, म्हणून श्रम करणाऱ्याने मांस, म्हणजेच प्रोटीन, खाऊन ती झीज भरून काढली पाहिजे. ऐकायला किती पटतं ना? मांस खा, मांस वाढेल. पुढे लीबिगच्याच नावाने मांसाच्या अर्काची कंपनीही निघाली, 1865 मध्ये. सिद्धांत आणि दुकान यांची सोयरीक अशी पहिल्यापासूनची आहे.

त्याच वर्षी, 1865 च्या ऑगस्टमध्ये, फिक आणि विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. आपण कोंडाण्याहून राजमाची चढतो त्याच्या दुपटीहून जास्त चढ. चढायच्या आदल्या दिवसापासून त्यांनी प्रोटीन जवळजवळ बंद केलं. पिठुळ सत्त्वाच्या तळलेल्या वड्या आणि साखरेचा चहा, बस्स. आणि चढताना, चढल्यावर आपली लघवी बाटल्यांत साठवली. (हसू नका, विज्ञान असंच पुढे जातं.) लघवीतल्या नायट्रोजनवरून शरीरात किती प्रोटीन जळलं ते कळतं. हिशेब केला तर तेवढ्या प्रोटीनमधून मिळालेली शक्ती त्या चढाला पुरणारी नव्हतीच. म्हणजे डोंगर चढवला तो पिठाने, साखरेने आणि चरबीने. लीबिगचा सिद्धांत इथे पडला. प्रोटीन हे घराच्या विटा आहेत, चुलीतलं सरपण नाही. सरपण कमी पडलं तर मात्र शरीर विटाही जाळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिद्धांत पडला तरी दुकान चालूच राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजेन सँडो हा शरीरसौष्ठवाचा पहिला जगप्रसिद्ध माणूस झाला. 1904-05 च्या सुमारास तो हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला आणि इथल्या व्यायामशाळांमध्ये त्याचं नाव घरोघरीचं झालं. आपल्याकडे बंडीला 'सँडो' म्हणतात, ते त्याचंच नाव. हा सँडो प्लाझ्मॉन नावाच्या पावडरची जाहिरात करायचा. प्लाझ्मॉन म्हणजे दुधातलं प्रोटीन वाळवून केलेली भुकटी! तेव्हा प्रोटीनचा डबा ही काही आजची टूम नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीही एक पिळदार माणूस डबा हातात घेऊन उभा होताच. गंमत म्हणजे त्याच 1904 साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या चिटेंडनने एक पुस्तक छापलं. तेव्हाचं मानलेलं प्रमाण होतं दिवसाला 118 ग्रॅम प्रोटीन. चिटेंडनने सैनिकांना आणि कॉलेजच्या खेळाडूंना कित्येक महिने त्याच्या निम्म्याच्या आसपास प्रोटीनवर ठेवलं. त्यांची ताकद घटली तर नाहीच, व्यायामामुळे वाढली.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी हा विषय इथे आणला तो वेगळ्याच वळणाने. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या मॅके यांनी 1912 मध्ये मांडलं की भात खाणारा बंगाली दुबळा, कारण त्याच्या जेवणात प्रोटीन कमी. 1920 च्या दशकात कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण खाऊ घातलं. शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट, मद्रासी जेवणावरचे सगळ्यात किरकोळ. मराठ्यांचं जेवण वरच्या तिघांत होतं, तेव्हा आपण कॉलर ताठ करायला हरकत नाही. :) पण यात एक मेख आहे. शीख जेवणात दूध, तूप, डाळ, भाजी, गव्हाची पोळी सगळंच होतं. जिंकलं ते पूर्ण ताट. त्याचं श्रेय एकट्या प्रोटीनला देता येत नाही. तरीही 'भात खाणारा तो लेचापेचा' हे आपल्याही डोक्यात बसलं ते बसलंच. कोकणातल्या आणि घाटाखालच्या माणसाला देशावरचे पाहुणे अजून हे ऐकवतात.

देशावरचे पाहुणे म्हटलं की कुस्ती आलीच. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द 1894 ते 1922) कोल्हापूरला मल्लांची पंढरी केलं. युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं रंगमंडळ पाहिलं आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान बांधून घेतलं, ते 1912 मध्ये पुरं झालं. मल्लांना राजाश्रय म्हणजे मुख्यतः काय, तर खुराक. खुराक हा शब्दच बघा. त्यात म्हशीचं दूध, तूप, बदाम-खसखस घोटून केलेली थंडाई, मटण, अंडी सगळं आलं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून दूध प्यायला देतात, ती याच संस्कृतीची खूण.

या खुराकाचा मी कागदावर हिशेब मांडला. म्हशीच्या दुधात लिटरला साधारण 37-38 ग्रॅम प्रोटीन असतं. पैलवान दिवसाला तीन लिटर दूध प्यायला तर नुसत्या दुधातून 110 ग्रॅमच्या वर. पण त्याच तीन लिटरमधून तीन हजारांहून अधिक कॅलरी पोटात जातात! म्हणजे आपल्या वस्तादांनी विटा आणि सरपण दोन्ही एकाच पेल्यात दिलं होतं. आणि त्याच्यापुढे दिवसाला शेकडो जोर, हजारभर बैठका आणि लाल मातीतली झोंबी. नुसता खुराक खाऊन तालमीत न जाणाऱ्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनीच लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं आहे. तालीम सुटल्यावरही खुराक न सोडणारे जुने पैलवान चाळिशीनंतर कसे सुटतात, हेही.

आणि खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनला ते आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर कुस्ती खेळले, तोवर सगळी कुस्ती मातीतली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. अमुक खुराक घेतला म्हणून पदक आलं असं या गोष्टीतून काढता येत नाही. उणीव होती ती मॅटची, प्रशिक्षकाची, प्रवासखर्चाची. शरीर त्यांचं तयारच होतं. मला वाटतं आपल्या पोरांच्या बाबतीतही आपण नेहमी चुकीच्या जागी उणीव शोधतो.

आता या सगळ्या गोष्टीतला माझा आवडता माणूस. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. संख्याशास्त्रज्ञ. 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. 1950-60 च्या दशकांत जगभर 'प्रोटीन गॅप' ची हाकाटी होती. गरीब देशांत प्रोटीनचा दुष्काळ आहे, मुलं त्यानेच खंगतात, म्हणून मासळीची पूड, शेंगदाण्याचं पीठ, अशा नाना भुकट्या वाटा. म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेतही शेंगदाण्याच्या पेंडीचं आणि हरभऱ्याचं 'बहुउद्देशीय अन्न' तयार झालं. 1968 मध्ये तर संयुक्त राष्ट्रांचा अहवालच निघाला, येऊ घातलेल्या प्रोटीन संकटावर.

सुखात्म्यांनी काय केलं, तर शांतपणे आहार-पाहणीचे आकडे घेऊन बसले. भारतातल्या घरांमध्ये ज्यांना प्रोटीन कमी मिळतं त्यांना कॅलरीही कमी मिळतात का, हे तपासलं. उत्तर आलं की बहुतेकांच्या बाबतीत हो. धान्य-डाळीचं आपलं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रोटीन बहुतेक वेळा आपोआप पुरतं. पोट भरत नाही तेव्हा शरीर प्रोटीन जाळून भूक भागवतं, आणि वरून दिसताना ती प्रोटीनची टंचाई दिसते. (फाउलहॉर्नच्या विटा आणि सरपण आठवलं?) म्हणजे टंचाई प्रोटीनची नव्हती, भाकरीची होती. 1974 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मॅकलॅरन यांनी या सगळ्या प्रकरणाला 'महाफजिती' म्हणावं अशा अर्थाचं नाव देऊन त्यावर पडदा टाकला.

हेही सांगायला हवं की सुखात्म्यांचं पुढचं सगळंच लोकांना पटलं नाही. शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं, या त्यांच्या नंतरच्या मांडणीवर पुण्यातच वि. म. दांडेकरांनी सडकून टीका केली. गरिबीची रेषाच त्याने खाली सरकते, हा आक्षेप होता आणि मला तो रास्त वाटतो. पण प्रोटीनबद्दलचा त्यांचा मूळ मुद्दा टिकला.

बरं, हे झालं उपाशी माणसाचं. भाचा उपाशी नाही, त्याला शरीर कमवायचंय. त्याचं काय? इथे आजचं विज्ञान काय म्हणतं ते सरळ सांगतो. साध्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन ही आपल्या आयसीएमआरची शिफारस. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं, हे खरं. 2018 मध्ये 49 प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात 1863 माणसं होती. निष्कर्ष असा की व्यायामासोबत जादा प्रोटीन घेतल्याने फायदा होतो, पण तो सरासरी 300 ग्रॅम मांसाचा. तोही कित्येक आठवड्यांच्या व्यायामानंतर. आणि किलोमागे साधारण 1.6 ग्रॅमच्या वर गेलं की पुढे काहीच वाढत नाही. बाकी सगळी वाढ व्यायामाची. 2024 च्या मे महिन्यात आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शिका काढली, त्यातही शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय.

पावडर विष आहे का? नाही. व्हे म्हणजे चीज करताना दूध फाटल्यावर उरणारं पाणी, त्यातलं प्रोटीन वाळवलं की झाली पावडर. आपल्या आज्या पनीरचं पाणी कणकेत घालायच्या, तेच ते. पचायला हलकी, प्रतही चांगली. पण डब्यात तेच आहे का, हा प्रश्न उरतो. 2024 च्या एप्रिलमध्ये भारतातल्या डॉक्टरांनी इथे विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या. सुमारे 70 टक्क्यांवर छापलेला प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर छापलेल्याच्या निम्मंच. काहींत बुरशीचं विषही सापडलं.

मग मी भाच्यासाठी कागद घेतला. वजन 60 किलो, म्हणजे कमाल गरज 96 ग्रॅम. त्याच्या घरी पिकतं आणि मिळतं ते लिहिलं:

दिवसभराचा तांदूळ 300 ग्रॅम : 22 ग्रॅम
नाचणीच्या दोन भाकऱ्या : 10
वाल, एक मोठी वाटी उसळीपुरते (सुके 75 ग्रॅम) : 18
मूठ-दीड मूठ शेंगदाणे : 12
अर्धा लिटर दूध : 17
दोन अंडी : 12

बेरीज 91. डबा न उघडता! आणि ज्या दिवशी सुक्या बोंबलाची चटणी असेल त्या दिवशी आकडा पार होतो. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं, हे मलाही नव्यानेच कळलं.

यातला वाल बघा. भात कापल्यावर शेतात जी ओल उरते त्यावर आपल्याकडे वाल होतो. वेगळं पाणी नको. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते वालात भरपूर. वालात मेथिओनिन कमी, ते तांदळात आहे. म्हणजे वालाचं बिरडं आणि भात एका ताटात आले की दोघांची उणीव दोघं भरून काढतात. एकाच शेतात, एकामागून एक पिकणारी दोन पिकं! थंडीत भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात त्यातही वालाच्या शेंगा आणि अंडी असतातच. आणि या भातावर संशोधन करणारं केंद्र आपल्या कर्जतलाच आहे, 'कर्जत 184', 'कर्जत 3' या जाती तिथल्याच. 'भात खाणारे दुबळे' म्हणणाऱ्यांनी एकदा ताट नीट बघावं.

पैशाचा हिशेबही केला. आजच्या भावाने पावडरमधलं प्रोटीन ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या आसपास पडतं. दुधातलं पावणेदोन-दोन, अंड्यातलं सव्वा, हरभऱ्यातलं अर्धा रुपया. आणि हरभऱ्याबरोबर सरपण फुकट मिळतं.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "अरे, भरतीत 1600 मीटर पळायचंय, 100 मीटर पळायचंय, गोळा टाकायचाय. यातल्या सोळाशेला डब्याचा काही उपयोग नाही, तिथे भात-भाकरी कामाला येते. तीन हजार रुपये आहेत तर चांगले बूट घे आणि गोळा टाकायला शिकवणारा कोणी गाठ." त्याने बूट घेतले. गोळ्याचं चाललंय.

माझं मत विचाराल तर असं. पावडर हे औषध नाही, जादू तर नाहीच, ते फक्त महाग आणि सोयीचं अन्न आहे. ज्याला दिवसभर प्रवासात जेवायला वेळ नाही, ज्या म्हाताऱ्या माणसाला दात नाहीत आणि भूक लागत नाही पण मांड्यांतलं बळ चाललंय, त्याला डॉक्टरांना विचारून तिचा उपयोग होऊ शकतो. खरं तर आपल्या घरातल्या सत्तरीच्या आई-मावश्यांच्या ताटातला वरणाचा वाडगा वाढवायची गरज मला पोरांच्या डब्यापेक्षा जास्त वाटते. चहा-बिस्किटावर दिवस काढतात त्या, आणि मग उठताना गुडघ्याला दोष देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र वरण असो की पावडर, प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नये.

बाकी जे आखाड्यात कळतं ते डब्यावर छापलेलं नसतं. आधी पोटभर जेवण, मग घाम, मग झोप, आणि हे रोज. असो. या रविवारी वाल भिजत घाला, मोड यायला दोन दिवस लागतात. सोलायला घरातल्या पैलवानांना बसवा, तेवढाच बोटांना व्यायाम.